पुनर्वाचनाचा प्रश्न : 'आउटर वाइल्ड्स'च्या निमित्ताने

साहित्यसमीक्षेचा बहुतेक व्यवहार पुनर्वाचनाच्या शक्यतेवर उभा असतो. पहिल्या वाचनात आपण कथानकाच्या ओघाबरोबर जातो. रचनेची तत्त्वे, प्रतिमांचे परस्परसंबंध, निवेदकाच्या स्वरातील चढउतार या गोष्टी ध्यानात येतात त्या शेवट ठाऊक झाल्यानंतर. रोलाँ बार्थ यांनी 'एस/झेड'मध्ये (१९७०) पुनर्वाचनाचा कैवार घेतला तो याच जाणिवेतून. मग ज्या संहितेकडे दुसऱ्यांदा जाताच येत नाही असे तिचे रसिकच सांगतात, तिची समीक्षा कोणत्या पायावर करायची? हा प्रश्न मला एका व्हिडिओ गेमने घातला.

'आउटर वाइल्ड्स' २०१९ साली प्रकाशित झाला. ॲलेक्स बीचम यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधाचा प्रकल्प म्हणून त्याचा आरंभ केला आणि पुढे मोबियस डिजिटल या स्टुडिओने तो पूर्णत्वाला नेला. 'खुले विश्व' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तो मोडतो. म्हणजे खेळणाऱ्यासमोर प्रसंगांची ठरलेली मालिका नसते. एक अवकाश असतो आणि त्यात हवे तेथे जाण्याची मुभा असते. येथील अवकाश आहे एका लहानशा सूर्यमालेचा. टिंबर हार्थ या ग्रहावरचा एक नवखा अंतराळवीर, फार पूर्वी नामशेष झालेल्या नोमाई जमातीने भिंतींवर कोरलेली वर्तुळाकार लिखाणे वाचत ग्रहाग्रहांवर हिंडतो. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सारे भस्मसात होते, आणि तो पुन्हा त्याच शेकोटीपाशी जागा होतो.

या आवर्तनातून शिल्लक राहते ते केवळ ज्ञान. इतर गेममध्ये शस्त्रे, सामर्थ्य, संपत्ती यांचा संचय होतो. येथे यानाच्या नोंदवहीखेरीज काहीच वाढत नाही. डार्क ब्रँबल या धुक्याने भरलेल्या प्रदेशातील राक्षसी मासे खेळणाऱ्याला पुनःपुन्हा गिळतात. त्यावरचा उपाय सापडतो दुसऱ्याच ग्रहावर, अशाच एका माशाच्या सांगाड्यापाशी, नोमाई मुलांनी आपल्या खेळाचे नियम लिहून ठेवले आहेत तेथे. ज्याच्यावर राज्य आहे त्याने मासा व्हायचे आणि डोळे बांधून घ्यायचे. मासे आंधळे आहेत. आवाज न करता गेल्यास वाट मोकळी. ही वाट पहिल्यापासूनच मोकळी होती, कुलूप होते ते खेळणाऱ्याच्या अज्ञानाचे. अशा रचनेत जे एकदा कळले ते पुन्हा न-कळलेले करता येत नाही. रहस्य ठाऊक असलेला माणूस एकाच आवर्तनात शेवटाला पोचू शकतो. म्हणूनच हा गेम आयुष्यात एकदाच खेळता येतो, असे त्याचे चाहते म्हणतात आणि इतरांना काहीही सांगू नका अशी विनवणी करतात. (ही विनवणी समीक्षेला पाळता येत नाही, ज्यांना गेम खेळायचा आहे त्यांनी येथेच थांबावे.)

मला हे मत अर्धेच मान्य आहे. त्यात माहिती आणि अनुभव यांची गल्लत झाली आहे. येथे अवकाश खुला असला तरी काळ कमालीचा बंदिस्त आहे. ॲश ट्विनवरची वाळू ठरलेल्या गतीने एम्बर ट्विनवर कोसळते; एकीकडच्या गुहा बुजत जातात, दुसरीकडचे मनोरे उघडे पडतात. ब्रिटल हॉलोचे कवच तुकड्यातुकड्याने आपल्याच गर्भातील कृष्णविवरात पडते. खेळणारा काय करतो याची या घटनांना पर्वा नाही. कथन प्रत्येकाचे वेगळे असते, कथावस्तू मात्र मिनिटामिनिटाला तीच. एस्पन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट'मध्ये (१९९७) वाचकाच्या परिश्रमातून संहितेची वाट घडते अशा साहित्याची जी मांडणी केली, ती या गेमच्या पहिल्या अंगाला चपखल बसते. दुसऱ्याला ती फारशी भिडत नाही.

ते दुसरे अंग कथेच्या मर्माशी निगडित आहे. खेळणारा बराच काळ गुप्तहेराच्या वृत्तीने वावरतो. सूर्याचा घात कोणी केला हे त्याला शोधायचे असते. संशय नोमाईंवर येतो, कारण सूर्याचा स्फोट घडवण्यासाठी त्यांनी एक केंद्र उभारले होते. तेथे पोचल्यावर समजते की तो प्रयोग फसला होता. सूर्य मरतो आहे तो वयोमानाने, आणि इतर ताऱ्यांचीही हीच गत आहे. गुन्हेगार कोणी नाही, उपायही नाही. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेत महत्त्वाचे मानलेले अभिज्ञान ते हेच, फरक इतकाच की ते नायकाला न होता थेट खेळणाऱ्याला होते. हेरकथेचा घाट या एका क्षणी करुणाकडे वळतो.

वर्षभराने मी हा गेम पुन्हा सुरू केला तेव्हा पहिले काही तास निराशेचे गेले. कोडी मृत होती. वाळू ओसरण्याची वाट पाहण्यात जाणारी मिनिटे पहिल्या खेपेसही खटकली होती, आता ती असह्य झाली. डार्क ब्रँबलचा भाग तर भीतीच्या ठरीव तंत्रावर विसंबलेला असल्याने मला आजही कच्चा वाटतो. तेथे अपयशाची शिक्षा यांत्रिक होते आणि ज्ञानावर बेतलेल्या या रचनेत हातचलाखीला अवाजवी महत्त्व येते.

त्यानंतर मी एम्बर ट्विनवर चर्ट यांच्या तळावर गेलो. हे ढोल वाजवणारे, ताऱ्यांचा नकाशा काढणारे खगोलवेत्ते. पहिल्या खेपेस मी त्यांच्याकडून हवी ती माहिती घेऊन दोन मिनिटांत निघालो होतो. या वेळी पूर्ण आवर्तन तेथेच काढले. आरंभी ते उत्साहात असतात. मग आकाशात फुटणारे तारे अपेक्षेपेक्षा फार जास्त आहेत हे त्यांच्या लक्षात येते. आपला सूर्यही त्याच वाटेवर आहे हे उमगल्यावर ते भेदरतात, आणि शेवटी त्यांचा प्रतिकारच संपतो. आवर्तन उलटले की त्यांना यातले काही आठवत नाही, मला आठवते. त्या बावीस मिनिटांत मी एकही नवी गोष्ट जाणली नाही, नोंदवहीत अक्षराची भर पडली नाही. आर्सेथ यांच्या अर्थाने याला परिश्रम म्हणता येणार नाही आणि खेळणे म्हणतानाही मी अडखळतो. सूर्य लाल होऊन फुगू लागला तेव्हा मी त्यांच्याशी आणखी एकदा बोलून पाहिले.