मेलेल्या आईला लग्नाचे आमंत्रण

‘हदिब्बुक’ हे नाटक आपण हाबीमाचे म्हणून ओळखतो. श. आन्स्की यांनी ते लिहिले, बियालिक यांनी हिब्रूत आणले आणि १९२२ साली मॉस्कोत ते रंगमंचावर आले. लेआच्या भूमिकेने हन्ना रोविना घराघरांत पोहोचली.

पहिल्या वाचनात आम्हाला ती नुसती भुताची गोष्ट वाटली. लेआच्या अंगात मेलेला हानान शिरतो. कोकणात वाढलेल्या माणसाला अंगात येणे काही नवे नाही! पुन्हा वाचले तेव्हा लक्ष भुतावरून रिवाजांकडे गेले.

आन्स्की १९१२ ते १९१४ या काळात व्होलिनिया व पोडोलियातील यहुदी गावांत हिंडले. म्हाताऱ्यामाणसांकडून चालीरीती, गोष्टी, गाणी गोळा केली. जन्मापासून मरणापर्यंतच्या रिवाजांवर दोन हजारांहून अधिक प्रश्नांची यादी केली. नाटकात ते सारे दिसते. गावाच्या मध्यभागी एक कबर आहे. १६४८ च्या कत्तलीत लग्नाच्या वेळीच मारले गेलेले नवरा-नवरी तिथे पुरले आहेत आणि लग्न लागले की वऱ्हाडी तिच्याभोवती नाचतात. आम्हाला आपले नवगाव आठवले. गलबत फुटून वाहत आलेली प्रेते, पुरुषांची एका ढिगाऱ्याखाली आणि बायकांची दुसऱ्या. पण तिथे कोणी नाचल्याचे आम्ही ऐकले नाही.

पोरक्या नवरीने आईच्या कबरीवर जाऊन तिला लग्नाचे आमंत्रण द्यायचे, हा तिकडचा खरा रिवाज. लेआ जाते, आणि आईबरोबर हानानलाही बोलावते. एवढ्याशा फरकातून पुढचे सारे घडते. भुताला दार रिवाजानेच उघडून दिले, यातच लेखकाची हुशारी आहे.

निरोप्याचे दाखले मात्र फार झाले. मध्येच डुलकी लागते.

पण शेवटच्या अंकातला न्याय वाचताना झोप उडते. हानानच्या मेलेल्या बापाला कबरस्तानातून बोलावतात, पडद्याआड उभे करतात. त्याची फिर्याद अशी की, सेंदेरने वचन मोडले, मुलगा गेला, वंश बुडाला, आता माझ्यासाठी कद्दिश म्हणायला कोणी नाही. मिनयानसाठी दहाव्या माणसाची वाट पाहत बसणाऱ्या आम्हाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. न्यायाधीश निकाल देतात : सेंदेरने अर्धी दौलत गोरगरिबांना वाटावी आणि दरवर्षी बापलेकांसाठी कद्दिश म्हणावा.

सगळे ऐकतात. पडद्याआडून ‘आमेन’ येत नाही.