गुत्तुझोचें चित्र आणि पालेर्मोचा बाजार

परक्या नगराची खरी ओळख करून घ्यावयाची तर त्याच्या बाजारांत जावें, आणि भुकेल्या पोटीं जावें, असें आमचें जुनें मत आहे. सिसिली बेटांतील पालेर्मो येथें मात्र आम्ही बाजार प्रथम पाहिला तो चित्रांत. रेनातो गुत्तुझो (१९११–१९८७) याचें 'ला वुच्चिरिया' हें १९७४ सालचें चित्र तेथील स्तेरी वाड्यांत आहे. सुमारें तीन मीटर लांब व तितक्याच उंच अशा या पटावर टांगलेलें गोमांस, मासळी, अंडीं, चीज, फळें व भाज्या यांची एवढी दाटी आहे कीं, माणसांना जेमतेम वाट उरली आहे.

या चित्रास विपुलतेचें स्तोत्र म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. इतक्या गर्दींत कोणी कोणाशीं बोलतांना दिसत नाहीं. ज्या बाजाराचा प्राण आरोळी, त्यास चित्रकारानें मुका केला आहे. गुत्तुझो मूळचा पालेर्मोजवळच्या बाघेरियाचा. परंतु हें चित्र त्यानें दूर उत्तर इटलींत, वेलाते येथें रंगविलें. गांव सोडलेल्याच्या स्मरणांत रंग टिकतात, आवाज विरतात, असा त्या मौनाचा अर्थ आम्हीं प्रथम लाविला.

मग आम्ही खरा वुच्चिरिया शोधीत गेलों. एखादी गोष्ट कधींच घडणार नाहीं असें सांगावयाचें असतां, 'वुच्चिरियाच्या फरश्या वाळतील तेव्हां' ती घडेल, असें म्हणण्याचा पालेर्मोंत प्रघात आहे. कारण मासळीवरील पाण्यानें त्या सदा ओल्या असत. आम्ही गेलों त्या सकाळीं फरश्या कोरड्या होत्या. भाजीमासळीचीं दुकानें थोडीं, रात्रीच्या मद्यपानाचीं टेबलें फार.

खावयास मिळालें तें बाल्लारोच्या बाजारांत. तेथें आरोळ्या आहेत आणि कढईही आहे. चण्याचें पीठ पाण्यांत घट्ट शिजवून, पातळ पसरून, थंड झाल्यावर कापून तळतात व पावांत घालून देतात; यास 'पानेल्ले' म्हणतात. आपली पाटवडी तळावी, तसाच हा प्रकार. आम्ही तो कोरडाच खाऊं लागलों, तेव्हां विक्रेत्यानें हातांतून घेऊन त्यावर लिंबू पिळलें व परत दिला. भाषेची अडचण पडली नाहीं.

त्या लिंबानें आमचा पहिला अर्थ अपुरा ठरविला. चित्रांत खाद्य अपार आहे, पण देणारा हात व घेणारा हात यांची गांठ पडत नाहीं; आणि ती गांठ सुटली कीं, माल कितीहि असला तरी बाजार सरतो. फरश्या ओल्या होत्या तेव्हांच हें गुत्तुझोच्या पटावर उतरलें, यांत या कृतीचें थोरपण आहे. मात्र चित्र सुरक्षित आहे म्हणून बाजारहि वांचला, असें समाधान कोणी मानूं नये. आमच्या वाचकांपैकीं कोणी तिकडे गेल्यास त्यानें चित्र अवश्य पाहावें. परंतु आधीं बाल्लारोंत जाऊन खावें.