इशानला बक्षीस मिळाले नसते तर?

२०२५ च्या जून महिन्यात ‘सितारे जमीन पर’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला, आणि नावाच्या साधर्म्यामुळे २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ची आठवण अनेकांच्या मनात पुन्हा जागी झाली. नवा चित्रपट एका स्पॅनिश चित्रपटावर बेतलेला असून त्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा बास्केटबॉलचा संघ आहे. शाळेचा वर्ग त्यात नाही, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्या निमित्ताने मुलुंड येथील एका शिक्षिकाबाईंच्या घरी, त्यांच्या शाळेतील चार सहकाऱ्यांसमवेत, आम्ही जुना चित्रपट पुन्हा पाहिला. पहिल्या खेपेस आम्ही डोळे पुसत चित्रगृहाबाहेर पडलो होतो. या खेपेस शेजारच्या मंडळींच्या शेऱ्यांनी डोळे ओले होण्यास सवडच दिली नाही.

कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. आठ वर्षांच्या इशान अवस्थीपुढे अक्षरे स्थिर राहात नाहीत. मुंबईच्या शाळेत तो मागे पडतो, वडील त्यास पाचगणीच्या निवासी शाळेत धाडतात, आणि तेथे रामशंकर निकुंभ नावाचा चित्रकलेचा हंगामी शिक्षक त्याचे डिस्लेक्सियाचे दुखणे ओळखतो. चित्रपटातील उत्कृष्ट प्रसंग आमच्या मते शेवटच्या चित्रस्पर्धेचा नसून गणिताच्या परीक्षेचा आहे. ‘तीन गुणिले नऊ’ सोडविताना इशान मनाने अंतराळात जातो, तिसरा ग्रह जी पृथ्वी ती नवव्या प्लूटोवर नेऊन आदळतो, प्लूटोचा चुराडा होतो, आणि उत्तर येते तीन! प्रेक्षकास हा सर्व प्रवास दिसतो. शिक्षकास दिसतो तो केवळ कागदावरचा चुकलेला आकडा. शिक्षकाला काय दिसू शकत नाही हे इतक्या थोडक्यात व इतक्या विनोदाने दाखविणारा दुसरा प्रसंग आम्हांस ठाऊक नाही. येथे कोणी दुष्ट नाही; दोन माणसांमध्ये एक कागद आहे, एवढेच.

दुर्दैवाने पुढे चित्रपट ही समज सोडून देतो. इतर शिक्षक छडी मारणारे, ओरडणारे, हसणारे असे केवळ सोंगांसारखे उभे राहतात, व त्यांच्या काळ्या पडद्यावर निकुंभ उजळून निघतो. आमच्या यजमान बाई सातवीस गणित शिकवितात. त्या सहज विचारत्या झाल्या, “सर, या निकुंभांना पोर्शन कोणता पुरा करायचा होता हो?” प्रश्न मार्मिक आहे. लेखकाने तारणहार निवडला तोही चित्रकलेच्या तासाचा. ज्या तासाच्या अखेरीस कोणी गुणपत्रिका मागत नाही. बाईंच्या वर्गात चौपन्न मुले आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा; त्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या पस्तीस मुलांमागे निदान एक शिक्षक हवा. कायद्यातील पस्तीस आणि बाईंसमोरील चौपन्न यांच्यामधल्या एकोणीस मुलांचा हिशेब मात्र कोणी विचारीत नाही.

ही अडचण खरी आहे. परंतु अडचण आणि वृत्ती या दोन भिन्न गोष्टी होत, आणि मंडळींच्या बोलण्यात त्या एकमेकींच्या पदराआड लपत होत्या. अपंग मुलास वर्गात घेण्यास उघड विरोध त्यांच्यापैकी एकानेही केला नाही. सर्वांचे वाक्य एकच होते: “आमची हरकत नाही, पण त्याला झेपेल का?” आपल्यास झेपेल का, असे कोणी म्हणाले नाही.

आता मौज अशी की चित्रपटाचे उत्तर याच प्रश्नास धरून आहे. झेपेल, असे तो म्हणतो. कारण मूल असामान्य आहे! निकुंभ वर्गास आईनस्टाईन, लिओनार्दो, एडिसन यांची नावे सांगतो. कुबड्या घेऊन चालणारा राजन आहे, तो अभ्यासात हुशार. अखेरीस चित्रकर्त्री ललिता लाजमी स्वतः परीक्षक म्हणून पडद्यावर येतात आणि इशानला पहिले बक्षीस मिळते. म्हणजे या शाळेत प्रवेशाची एक गुप्त फी आहे: पाय अधू असतील तर बुद्धी तल्लख हवी, वाचता येत नसेल तर कुंचला हाती हवा. निकुंभ ज्या विशेष शाळेत शिकवितो तेथील मुलांपाशी ही फी नसावी. ती आपल्या शाळेतच गाताना-नाचताना दिसतात, निकुंभाच्या नव्या वर्गातील बाकांवर येत नाहीत. २०१५ च्या सुमारास सरकारदरबारी रूढ झालेला ‘दिव्यांग’ हा शब्दही आम्हांस याच कारणाने रुचत नाही. त्यात सौजन्य आहे, पण एक अंग उणे तर दुसरे दिव्य असावे, ही मागणीही आहे.

कायदा मात्र अशी मागणी करीत नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते, व त्यांत इशानच्या वैकल्यास जागा नव्हती. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले, अध्ययन-वैकल्य त्यांत घेतले, आणि चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत अथवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. त्या मुलास आणखी काय येते, हे कोणत्याही कलमात विचारलेले नाही.

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. चित्रपट पाहून दोनेक वर्षे लोटली असतील. उपनगरातील आमच्या महाविद्यालयात अंधेरीहून येणारा एक मुलगा रुग्णालयाचे प्रमाणपत्र घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. त्यास परीक्षेत लेखनिक व जादा वेळ हवा होता. शालान्त परीक्षेत या सवलती आपल्या राज्यात तेव्हाही होत्या, आणि त्या त्यास मिळालेल्या होत्या. आमच्या मनात प्रथम आले ते हे, की अशी प्रमाणपत्रे हल्ली कोणीही आणतो. दुसरे आले ते चित्रपटाच्या संस्काराने. आम्ही मोठ्या मायेने विचारले, “तुला चित्रे काढता येतात का रे? गाणे वगैरे?” तो गोंधळला. म्हणाला, “नाही सर. मला फक्त पास व्हायचंय.”

आम्ही सही केली. पण त्याचा चेहरा आम्हांस निकुंभापेक्षा अधिक वेळा आठवला आहे.

मुलुंडच्या बैठकीत चित्रपट संपत आला. शेवटी इशान धावत येतो, निकुंभ त्यास उचलून वर फेकतो, आणि मुलगा हवेत असतानाच चित्र थांबते. दिवा लावण्यासाठी उठलेल्या बाई पडद्याकडे पाहात म्हणाल्या, “हे निकुंभ तर हंगामी ना? मग जूनमध्ये याचे वर्गशिक्षक कोण?”