जुना दूरचित्रवाणी संच आणि डिजिटल प्रक्षेपण : झरीच्या निमित्ताने

डिजिटल प्रक्षेपणाविषयीच्या विवेचनात बहुधा असे गृहीत धरलेले असते की, तंत्र बदलले म्हणजे जुना संच आपोआप निकामी होतो. हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे; कारण त्याच्या आड खर्चाचा आणि हक्काचा प्रश्न झाकला जातो. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील झरीसारखे गाव समोर ठेवले असता ही गोष्ट स्पष्ट होते.

प्रथम तांत्रिक बाजू पाहू. जुन्या संचाला डिजिटल संकेत थेट ग्रहण करता येत नाहीत. परंतु सेट टॉप बॉक्स त्यांचे रूपांतर करून चित्र व ध्वनी संचाकडे पोहोचवितो. ज्या संचाला केवळ अँटेनाचे एकच छिद्र आहे, तोही योग्य जोडणीने चालतो. अर्थात संच निकामी होत नाही. त्याला मध्यस्थ लागतो. पूर्वी बांबूवर चढविलेला अँटेना पुरत असे. आता छत्री, बॉक्स, रिमोट आणि दोन उपकरणांना पुरेल इतकी वीज लागते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या कृष्णधवल संचाच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नव्हे. शिवाय रुंद पडद्यासाठी रचलेले चित्र जुन्या चौकोनी पडद्यावर कडेने कापले जाते किंवा आक्रसते, आणि तळाची अक्षरे वाचणे कठीण होते.

आता धोरणाची बाजू. 2011 च्या दुरुस्तीने केबलचे डिजिटलीकरण बंधनकारक झाले. मुंबईसह महानगरांसाठी 31 ऑक्टोबर 2012, तर ग्रामीण भागासाठी अखेरीस 31 मार्च 2017 ही मुदत ठरली. तथापि पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या वस्तीत केबल ओढणे मुळातच परवडत नाही. अशा भागाचा खरा आधार आकाशमार्गे येणारे दूरदर्शनचे विनामूल्य प्रक्षेपण हाच होता. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. मोक्याच्या ठिकाणची सुमारे 50 प्रक्षेपके वगळता उर्वरित जुनी प्रक्षेपके 31 मार्च 2022 पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने 2021 मध्ये जाहीर केले. केबलच्या मुदतींची चर्चा पुष्कळ झाली. झरीसारख्या गावांना अधिक लागू पडणाऱ्या या दुसऱ्या बदलाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले.

यावर असे उत्तर दिले जाते की, 16 डिसेंबर 2004 पासून चालू असलेली आणि आज फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी दूरदर्शनची सेवा मासिक शुल्क घेत नाही. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. छत्री व बॉक्स यांचा आरंभीचा खर्च घरानेच सोसावयाचा असतो. अमेरिकेने 2009 च्या बदलाच्या वेळी प्रत्येक घराला बॉक्ससाठी 40 डॉलरपर्यंतची दोन कूपने देऊ केली; ब्रिटनने 2008 ते 2012 या काळात 75 वर्षांवरील वृद्धांना व अपंगांना घरी जाऊन साहाय्य केले. या देशांनी जुना संच असलेले घर हा धोरणाचा विषय मानला. आपल्या कायद्याचा रोख मुख्यतः केबलचालकाकडे राहिला.

मात्र पूर्वीच्या व्यवस्थेचा गौरव करणेही युक्त होणार नाही. तीही केंद्राचेच कार्यक्रम पुढे पाठवीत असे. छत्रीमुळे सह्याद्री आणि गिरनार या दोन्ही वाहिन्या एकाच घरात येतात, आणि 1960 मध्ये उंबरगाव तालुक्याचे विभाजन होऊन राज्यसीमेलगत राहिलेल्या या पट्ट्याला हा लाभच आहे. परंतु खासगी वाहिन्यांना तेथील जागा लिलावाने मिळतात. त्यामुळे कोणती भाषा किती ऐकू यावी, हे बरेचसे बोली लावण्याच्या सामर्थ्यावर ठरते. वारली बोलीची वाहिनी त्यांत नाही. 23 मे 1945 रोजी झरी येथेच हजारो वारली एकत्र आले आणि वेठबिगार नाकारण्याचा निश्चय त्यांनी केला. आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगणारे हे गाव प्रक्षेपणाच्या विचारात मात्र केवळ ग्राहक म्हणून उरते.

तात्पर्य, डिजिटल बदलाचे मूल्यमापन वाहिन्यांच्या संख्येवर किंवा चित्राच्या स्वच्छतेवर थांबू नये. विनामूल्य सार्वजनिक प्रक्षेपण चालू ठेवण्याचा भार शासनाकडून घराकडे किती सरकला, आणि तो भार उचलणाऱ्या घराला आपली भाषा ऐकावयास मिळाली काय, या दोन कसोट्या त्याला लावल्या पाहिजेत. पहिल्या कसोटीवर हे धोरण उणे पडते. दुसरी तर त्याने स्वतःला लावलेलीच नाही.