माहीत नाही म्हणजे नाही नव्हे

वीस-बावीस ओळींचा सी कोड. एक फोल्डर उघडायचं, आतली नावं एकेक करून वाचायची, फोल्डर असेल तर त्याच्या आत शिरायचं, फाइल असेल तर यादीत टाकायची. दोन वर्षांपूर्वी टीममधल्या नव्या मुलाने तो रिव्ह्यूसाठी पाठवला. मी चहा संपायच्या आत वाचला, खाली ‘छान आहे’ लिहिलं आणि मंजूर करून टाकला.

तो कोड बॅकअपच्या टूलमध्ये गेला. आमच्या लॅपटॉपवर चालला, टेस्ट सर्व्हरवर चालला. एका ग्राहकाच्या सर्व्हरवरही चालला. एरर नाही, वॉर्निंग नाही, शेवटी ‘यशस्वी’ हा शब्द. तीन आठवड्यांनी तिथल्या कुणीतरी एका फाइलची जुनी प्रत मागितली, तेव्हा कळलं की त्या एका डिस्कचा बॅकअप रिकामा आहे. एकही फाइल नाही. मूळ डिस्क धडधाकट होती, म्हणून निभावलं.

ही त्या कोडची समीक्षा. कवितेची करतात तशी, शब्द न् शब्द वाचून. मंजुरी देण्याआधी करायला हवी होती, ती आता करतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोसायटीच्या जिन्याखाली नावांची पाटी असते ना, फोल्डर म्हणजे तशी पाटी. नाव आणि फ्लॅट नंबर. सी भाषेत ‘रीडडिर’ हे फंक्शन ही पाटी वाचतं: फाइलचं नाव आणि तिचा आयनोड क्रमांक. पॉसिक्स या प्रमाणाच्या 2008 च्या आवृत्तीत त्याच्याकडून एवढीच अपेक्षा आहे. आत राहतं कोण, म्हणजे ती साधी फाइल आहे, फोल्डर आहे की लिंक, हे बघायला वर जाऊन दार वाजवावं लागतं. त्या दार वाजवण्याचं नाव ‘एलस्टॅट’. दहा फ्लॅट असतील तर ठीक. पाच लाख फाइली असतील, त्यातही डिस्क नेटवर्कच्या पलीकडे असेल, तर पाच लाख वेळा जिने चढणं महागात पडतं.

म्हणून काही पाट्यांवर नावापुढे ‘डॉक्टर’, ‘वकील’ असंही लिहिलेलं असतं. बीएसडीतून आलेलं ‘डी_टाइप’ हे खाणं नेमकं तेच करतं. लिनक्समध्ये ते आहे, मॅकमध्ये आहे, सोलारिसमध्ये नाही. विंडोजची तर पाटी वाचायची रीतच वेगळी.

आमच्या कोडची पहिली ओळ याची दखल घेते. ‘डी_टाइपचं खाणं आहे का?’ असं ती कम्पायलरला विचारते. असेल तर पाटी वाचायची, नसेल तर दार वाजवायचं. त्या दिवशी ही ओळ बघूनच मी खूश झाले होते. पोर्टेबल कोड लिहिलाय पोराने!

पुढची ओळ: खाण्यात ‘फोल्डर’ असेल तर आत शिरा. त्यापुढची: ‘साधी फाइल’ असेल तर यादीत टाका. मग कंस बंद. चूक त्या बंद कंसात आहे.

खाणं असणं आणि खाणं भरलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कम्पाइल करतानाच कळते. दुसरी प्रोग्रॅम चालताना, प्रत्येक डिस्कगणिक, प्रत्येक नावागणिक बदलू शकते. त्यासाठीच ‘डीटी_अननोन’ ही किंमत ठेवलेली आहे: मला माहीत नाही, वर जाऊन बघा. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय की सगळ्या फाइल सिस्टिम्स हे खाणं भरत नाहीत आणि प्रत्येक प्रोग्रॅमने या उत्तराची सोय केलीच पाहिजे. ग्राहकाची ती डिस्क एक्सएफएसची होती, जुनी. फॉरमॅट करताना ‘एफटाइप’ हा पर्याय बंद होता, त्यामुळे पाटीवर फक्त नावं. नव्याने फॉरमॅट केल्याशिवाय तो चालूही करता येत नाही. तेच लिनक्स, तोच प्रोग्रॅम, शेजारच्या डिस्कवर बरोबर चालणारा. इथे मात्र प्रत्येक नावापुढे ‘माहीत नाही’. आमचा कोड विचारत होता, फोल्डर आहे का? नाही. साधी फाइल आहे का? नाही. मग पुढे चला. पाटीवर धंदा लिहिलेला नाही म्हणून आम्ही अख्खी बिल्डिंग रिकामी ठरवली.

दुसरी चूक जास्त लबाड आहे, कारण ती आमच्या हातून कधी उघडी पडलीच नाही. खाणं नसलेल्या सिस्टिमसाठी जो पर्यायी रस्ता लिहिला होता, त्यात ‘एलस्टॅट’ऐवजी ‘स्टॅट’ होतं. फरक एका अक्षराचा. दारावर चिठ्ठी असेल, ‘आम्ही हल्ली 304 मध्ये राहतो’, तर एलस्टॅट सांगतं की इथे चिठ्ठी आहे. स्टॅट मुकाट 304 मध्ये जातं आणि तिथल्या माणसाची माहिती आणतं. ही चिठ्ठी म्हणजे लिंक. पाटीवर वाचलं तर उत्तर ‘लिंक’, दार वाजवलं तर उत्तर ‘फोल्डर’. म्हणजे एकाच प्रश्नाला मशीन बघून दोन उत्तरं. त्यातून एखादी लिंक स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर प्रोग्रॅम त्याच जिन्यात गोल गोल फिरत बसणार. पर्यायी रस्ता हळू असला तर चालतो. त्याने दुसऱ्याच गावाला नेलेलं चालत नाही.

एक छोटी गोष्ट: रीडडिर यादी संपली तरी ‘नल’ देतं आणि वाचताना काही बिघडलं तरी ‘नल’च देतं. आधी एररचं खाणं शून्य करून नंतर ते तपासलं नाही, तर अर्धी यादीसुद्धा पूर्ण वाटते. आमच्या कोडने तपासलं नव्हतं.

मग हे नीट कसं लिहायचं? मी गिटचा सोर्स उघडला. तुमच्यापैकी कित्येक जण रोज वापरतात ते गिट. त्यात या कामासाठी ‘डीटाइप’ नावाचा एक मॅक्रो आहे. खाणं असेल तर तो खाण्यातली किंमत देतो. खाणं नसेल तर? वेगळा रस्ता नाहीच. तिथे तो प्रत्येक नावाला सरळ ‘डीटी_अननोन’ म्हणतो. बस्स.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थोडा वेळ स्क्रीनकडे बघतच बसले. आम्ही ‘खाणं नाही’ आणि ‘खाणं रिकामं’ या दोन अडचणी मानल्या, एकीवर वेगळा रस्ता बांधला आणि दुसरीला विसरलो. गिटने दोन्ही एकच मानल्या. ज्याच्याकडे पाटीच नाही त्यालाही ‘माहीत नाही’ म्हणायला लावलं आणि ‘माहीत नाही’चं काय करायचं ते एका जागी लिहिलं: आधी गिटच्या स्वतःच्या इंडेक्समध्ये बघ, तिथे नसेल तर एलस्टॅट कर. स्टॅट नाही, एलस्टॅट.

पण म्हणून ते जसंच्या तसं उचलावं असं नाही. एलस्टॅटच अपयशी ठरलं तर गिटचं ते फंक्शन ‘माहीत नाही’ हेच उत्तर परत देतं आणि फाइली शोधणारा भाग असं नाव गुपचूप वगळतो. गिटला साधी फाइल, फोल्डर आणि लिंक यांच्याशीच देणंघेणं आहे, त्यामुळे तिथे हे खपतं. बॅकअपमध्ये खपत नाही. पाटी वाचून जिना चढेपर्यंत कुणी घर सोडून गेलं, म्हणजे फाइल मधल्या मधे डिलीट झाली, तर ते समजण्यासारखं आहे. पण परवानगी नाही म्हणून दार उघडलं नाही, तर ते नाव रिपोर्टमध्ये यायलाच हवं आणि शेवटी ‘यशस्वी’ छापता कामा नये.

कोड त्या मुलाने लिहिला होता, पण ‘छान आहे’ मी लिहिलं होतं. नंतर आम्ही दोघांनी बसून तो दुरुस्त केला. त्याने गिटमधली आणखी एक सोय शोधून काढली: बिल्ड करताना ‘नो_डी_टाइप_इन_डिरेन्ट’ हा पर्याय दिला की खाणं असूनही गिट ते नसल्यासारखं वागतं. आम्ही आमच्या टूलमध्ये तसाच पर्याय घातला. आता प्रत्येक बदलानंतर एकाच फोल्डरवर दोन बिल्ड चालतात, एक पाटी वाचणारा आणि एक प्रत्येक दार वाजवणारा. फोल्डरमध्ये मुद्दाम एक तुटकी लिंक, एक स्वतःच्याच वर जाणारी लिंक आणि एक बंद दार ठेवलंय. दोन्ही याद्या ‘डिफ’ला द्यायच्या.

पहिल्या दिवशी डिफने सात ओळी दाखवल्या. सातही नीट होईपर्यंत मी मंजुरीचं बटण दाबलं नाही.