मैत्री आणि बाक

दिवाळी अंक हाती पडला की प्रथम कथा, मग व्यंगचित्रे, मग राशिभविष्य आणि फराळाचे डबे रिकामे झाल्यावर सर्वांत शेवटी समीक्षा, असा आपल्या घरांतील वाचनाचा क्रम असतो. तेव्हा वाचक या पानावर येतील त्या वेळी पुण्या-मुंबईहून सुटीला आलेली मुले परतीच्या गाडीची तयारी करीत असतील. त्या मुलांपैकी पुष्कळजण संगणकाच्या कंपन्यांत आहेत. त्यांच्याविषयी काय लिहिले गेले आहे आणि काय लिहिले गेलेले नाही, हे पाहण्याचा आज विचार आहे.

निमित्त एका इंग्रजी पुस्तकाचे. एस. रामदोराई यांचे ‘द टीसीएस स्टोरी अँड बियाँड’ हे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी मुंबईत १९६८ साली सुरू झाली. फकीरचंद कोहली यांनी ती उभी केली. रामदोराई १९७२ साली तीत शिकाऊ म्हणून शिरले आणि १९९६ पासून २००९ पर्यंत तिचे प्रमुख होते. २०२५ च्या जूनअखेर या कंपनीत ६ लाख १३ हजार माणसे होती. २०११ च्या जनगणनेत आमच्या रत्नागिरी शहराची वस्ती ७६ हजारांच्या आसपास होती. म्हणजे अशी आठ रत्नागिरी शहरे एका कंपनीच्या हजेरीपटावर, असे समजावे.

पुस्तक वाचनीय आहे, हे आधीच सांगून टाकतो. परदेशातून एक संगणक आणावयाचा तर सरकारचा परवाना हवा आणि परवान्यासाठी निर्यातीची हमी हवी, अशा काळात माणसे हे काम कसे करीत असतील याचे कुतूहल कोणासही वाटेल. यंत्र विकण्यापेक्षा अक्कल विकावी, हा धंदा तेव्हा आपल्याकडे नवीनच होता. ‘कन्सल्टन्सी’ म्हणजे सल्लामसलत. आमच्याकडे सल्ला फुकट मिळतो, त्याचे पैसे होतात हेच मुळी पुष्कळांना पटले नसेल!

या कंपनीची दुसरी ख्याती तिच्या घरगुती वळणाची. २००२ साली रामदोराई यांच्या पत्नी माला रामदोराई यांच्या पुढाकाराने तेथे ‘मैत्री’ नावाचा उपक्रम निघाला. माला रामदोराई या स्वतः शास्त्रीय गायिका. कामावरच्या माणसांनी कामाबाहेरही एकत्र यावे, गावे, नाटके करावी, डोंगर चढावे, समाजसेवा करावी, घरच्या मंडळींनाही त्यात ओढावे, असा तिचा हेतू. हेतू चांगला आहे, आणि त्याची टवाळी करणारा मनुष्य मी नव्हे. गाव सोडून आलेल्या बावीस वर्षांच्या पोराला परक्या शहरात पहिला मित्र अशा ठिकाणी मिळत असेल, तर त्या नावाचे सार्थक झाले.

माझी तक्रार निराळी आहे. हे पुस्तक सुकाणूवर बसलेल्या तांडेलाने लिहिले आहे. तांडेल जेव्हा ‘आम्ही’ म्हणतो, तेव्हा त्यात जाळे ओढणारे खलाशी येतात की नाही, हे खलाशांना विचारल्यावाचून कळत नाही. येथे भाट्याच्या खाडीवर उभे राहिले तर दोघांची हकीकत ऐकू येते. एकच वादळ, पण तांडेल सांगतो तेव्हा त्यात निर्णय असतो, आणि खलाशी सांगतो तेव्हा त्यात भिजलेले कपडे असतात. साहित्याला दोन्ही लागतात. मराठीत अच्युत गोडबोले यांच्या ‘मुसाफिर’ या आत्मकथनाने संगणकाचे जग घरोघर पोहोचविले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत; पण तेही मोठमोठी पदे भूषविलेल्या माणसाचेच कथन. भिजलेल्या कपड्यांची हकीकत अजून कोठे आहे?

गेल्या गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो पुण्यास एका कंपनीत असतो. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. झरी विनायकाचे दर्शन घेऊन आम्ही दोघे किनाऱ्यावर सुरूच्या बनाकडे चालत गेलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग एकदम हसून म्हणाला, “सर, तुम्ही आम्हांला बाकावर उभं करायचात. तिथे आम्हांला बाकावर बसवतात.”

मला प्रथम थट्टा वाटली. मग त्याने समजावून सांगितले. ज्याच्या कामाचे पैसे गिऱ्हाइकाकडून येत नाहीत, जो एक काम संपवून दुसऱ्याची वाट पाहत आहे, तो ‘बेंच’वर. पगार चालू असतो, ओळखपत्र गळ्यात असते, चहा मिळतो. नसते ते काम. तो सात आठवडे असा बसला होता. घरी आईला त्याने सांगितले नव्हते. “आणि सर, कंपनीच्या एकांकिकेत माझं काम होतं. तालमीला रोज जात होतो. पण बाकावर आहेस का, हे एकानंही विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.”

या एका वाक्यात एक कादंबरी आहे, असे मला वाटले. पोटाची भीती आहे, ती लपविण्याची लाज आहे, आणि तोंडाला रंग लावून रोज आनंदी दिसण्याची सक्तीही आहे.

ही भीती त्या एकट्याची किंवा एका कंपनीची नव्हे. टाटांच्या या कंपनीनेच २०२५ च्या जूनपासून नियम केला की वर्षात २२५ दिवस तरी गिऱ्हाइकाच्या हिशेबात लागलेच पाहिजेत, आणि बाकावरचे दिवस पस्तीसच्या वर जाता कामा नयेत. पुढच्याच महिन्यात शेकडा दोन, म्हणजे सुमारे १२ हजार, माणसे कमी करण्याचे तिने जाहीर केले. धंद्यात अशा वेळा येतात, हे मान्य. परंतु ‘मैत्री’ हा शब्द पस्तीस दिवसांच्या मोजपट्टीशेजारी ठेवला की त्याचा अर्थ काय उरतो, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे. मैत्रीत दिवस मोजत नाहीत.

येथे मला आमचे जुने चाकरमानी आठवतात. कोकणातली माणसे गिरणीत गेली, तेव्हा गिरणीमालकाने त्यांना कुटुंब म्हटले नाही. त्यांनीच एकेका खोलीत गावाची मंडळे केली, खानावळी धरल्या, भजने, नमन, जाखडी उभी केली, परळच्या दामोदर नाट्यगृहात नाटके लावली. ती संस्कृती मालकाने दिलेली नव्हती. म्हणून मालकाला ती काढूनही घेता आली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली, पुढे गिरण्याच बुडाल्या. पण त्या जगाने आपला कवी आधीच दिला होता. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली आले. आणि पडझडीनंतरही जयंत पवार यांचे ‘अधांतर’ रंगभूमीवर आले, त्या घरांतले भांडण आणि भूक घेऊन.

म्हणून माझी कसोटी अशी. एखाद्या कामाच्या जागेची संस्कृती खरी की नुसती सजावट, हे तेथील सहली आणि स्नेहसंमेलने पाहून ठरत नाही. त्या जागेविषयी कडू-गोड खरे बोलणारा लेखक तेथून निघतो की नाही, यावर ते ठरते. गळ्यातले ओळखपत्र काढून घेतल्यावर जे शिल्लक राहते, तेवढेच आपले.

दोष सगळा कंपन्यांवर टाकणेही बरोबर नाही. आम्ही कादंबरीकारही आळशी आहोत. मी स्वतः त्या विद्यार्थ्याच्या गोष्टीवर दोन प्रकरणे लिहिली आणि फाडली. भोंगा नाही, धूर नाही, तेलाचा वास नाही. एक मनुष्य पडद्यापुढे बसला आहे, याचे चित्र मला काढता येईना. काम इंग्रजीत, भीती मराठीत. दोन्ही एका वाक्यात आणणारी भाषा मजजवळ नव्हती. शिवाय आपण आईबापही त्या मुलांना बोलू देत नाही. मुलगा पुण्याला ‘आयटी’त आहे, एवढे शेजारी सांगून झाले की आपली चौकशी संपते.

ती भाषा त्या मुलांपाशीच आहे. म्हणून आज गाडीत बसणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. बाबांनो, बाकावर बसण्याची पाळी आली तर वही उघडा. गिऱ्हाइकाची गुपिते लिहू नका, आपली लिहा. तालमीत कोणी काय विचारले नाही, आईला फोनवर काय सांगितले नाही, ते लिहा. व्याकरण मी तपासून देईन.

आणि आईबापांना सांगणे असे की, गाडी सुटण्यापूर्वी पगाराचे सोडून दुसरे काही तरी मुलाला विचारा. त्याला उत्तर देण्यास थोडा वेळ लागेल, तेवढा द्यावा.