जल्लादाच्या घरी पाळणा

फिल्म स्टडीजमध्ये संशोधन करायचं असेल, तर लुईस गार्सिया बेर्लांगाचा ‘एल व्हेर्दुगो’ (1963) बघाच. नावाचा अर्थ जल्लाद. पण सिनेमा विनोदी आहे, आणि लग्नाचा, येणाऱ्या बाळाचा आहे.

यावर टिपण लिहायला सांगितलं की बहुतेक जण लिहितात, ‘हा चित्रपट मृत्युदंडाला विरोध करतो.’ चूक नाही, पण हे वाक्य सिनेमा न बघताही लिहिता येतं. (मीही तेच लिहिलं होतं.)

त्यापेक्षा असं विचारा: होसे लुईस जल्लाद नेमका कधी होतो? तो अंत्यविधीच्या कंपनीत कामाला. जर्मनीत जाऊन मेकॅनिक व्हायचं त्याच्या मनात आहे. म्हातारा जल्लाद आमादेओ, त्याची मुलगी कार्मेन. बापाच्या धंद्यामुळे तिच्याजवळ कोणी टिकत नाही, आणि मढी उचलतो म्हणून याच्याजवळही नाही. तिला दिवस जातात, म्हणून लग्न. बाळ येणार, म्हणून घर हवं. सरकारी फ्लॅट सासऱ्याला मिळणार, पण तो निवृत्त होतोय, म्हणून जावयाने ती नोकरी घ्यायची. प्रत्येक ‘म्हणून’ समजूतदारपणाचा वाटतो. होकाराचा असा एक शॉट तुम्हाला सापडणारच नाही. तुमचा प्रश्न तिथे आहे, आणि गरोदरपण हे उपकथानक नाही, तेच सगळं पुढे ढकलतं.

चर्चमधला प्रसंग दोनदा बघा. आधी बड्या घरचं लग्न झालेलं. यांचं लागत असतानाच मेणबत्त्या विझवल्या जातात, गालिचा गुंडाळला जातो. दुष्ट कोणीच नाही, जो तो आपलं काम करतोय. शेवटी तुरुंगातही हेच. मोठी पांढरी, रिकामी जागा, पुढे कैदी आपल्या पायांनी चाललाय आणि मागून जल्लादाला ओढत नेतायत. याच प्रतिमेतून सिनेमा सुचल्याचं बेर्लांगा सांगायचा. म्हणजे त्याच्याकडेही आधी सिद्धान्त नव्हता.

संदर्भ द्याच: ऑगस्ट 1963 मध्ये फ्रँकोच्या राजवटीने माद्रिदमध्ये दोन अराजकतावाद्यांना ‘गारोते’ने, म्हणजे गळ्याभोवतीचा लोखंडी पट्टा आवळून मारलं. त्यानंतर लगेच व्हेनिसला सिनेमा दाखवला गेला आणि रोममधला स्पॅनिश राजदूत खवळला. पण हे प्रसंगांच्या आधी लिहू नका, नाहीतर पुन्हा त्याच पहिल्या वाक्यावर याल.

शेवटी जावई म्हणतो, पुन्हा करणार नाही. सासरा म्हणतो, पहिल्यांदा मीही असंच म्हणालो होतो. तेव्हा बाळ कुठे आहे, ते टिपून ठेवा.